काच एक

बारापात्रे फ्रेमवाले, गांधीबाग.
पाटीवरचा 'फ्रे' उन्हानं उडाला तो उडालाच,
बाबांनी परत रंगवला नाही.
गिऱ्हाईक येतच होतं:
लग्नातले, मेलेले, देव,
आणि दर पाच वर्षांनी राष्ट्रपती.

कचेरीतून शिपाई भिमटे यायचा, सायकलला गठ्ठा बांधून,
गुळगुळीत कागद, दिल्लीचा वास.
सोबत जुन्या फ्रेमा, खिळ्यावरून उतरवलेल्या,
काचेवर माश्यांचे ठिपके,
एकीच्या कोपऱ्यात पालीचं अंडं.
झिंगरूजी बारापात्रे, माझे वडील,
मागच्या चुका उपसायचे, नवा चेहरा बसवायचे,
जुना आतच राहू द्यायचे.
"काहून काढू? पुठ्ठ्याले पैसे लागते.
हा आता पुठ्ठा झाला."

मी आठ वर्षांची. मला वाटायचं,
पदावरून उतरणं म्हणजे
पुढच्याच्या पाठीला नाक लावून
अंधारात उभं राहणं.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये
दिल्लीत एका रात्री एक सही झाली.
सकाळी चहावाल्याचा रेडिओ मोठ्यानं बोलत होता
आणि माणसं हळू.
चौथ्या दिवशी हेडाऊ मास्तरांना नेलं,
बनियनवर, अर्ध्या गालाला साबण तसाच.
गुन्हा विचारला तर हवालदार म्हणाला,
"यादीत हायेत."

महिन्याभरानं कौतिकाबाई दुकानात आल्या.
पदराखालून फोटो काढला:
शाळेच्या गॅदरिंगचा, मास्तरांच्या हातात खडू.
"फ्रेम करून द्या, भाऊ. पण वरती हाराची कडी नोको.
जिते हायेत. अजनीच्या जेलात हायेत."

बाकावर एकजण बसला होता. तो उठून गेला.
बाबांनी त्याच्या चपलांचा आवाज पुरता संपू दिला.
"काच शिल्लक नाही, बाई," मग म्हणाले.
खरंच नव्हती.
होत्या त्या कचेरीच्या, दुरुस्तीला आलेल्या, मोजून एकवीस.

किती वेळ गेला ठाऊक नाही.
वाळ्याच्या ताट्यांवर मी दोनदा पाणी मारलं.

बाबांनी एका राष्ट्रपतींसमोरची काच ओढून काढली,
धोतराच्या सोग्याला पुसली,
हिऱ्याच्या कलमानं दोन बाजूंनी बोटभर कापली.
तो आवाज अजून माझ्या दाढेत आहे.
मास्तर आत बसले.
मागून तार ओढली. कडी लावली नाही.

सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत राष्ट्रपती वारले.
भिमटे आला, रिकाम्या सायकलनं:
"सध्या प्रभारी हायेत.
प्रभारीचा फोटो येत नसते. थांबा."
मार्चमध्ये मतपेट्या उघडल्या.
आमच्या नागपुरानं मत दिलं होतं जुन्यांनाच,
तरी बडकस चौकात फटाके वाजले.
मास्तर सुटून आले, दोन दात कमी घेऊन,
त्याच बाकावर बसले, चहा बशीत ओतला,
आणि उन्हाबद्दल बोलले.
यंदा लवकर तापलं म्हणाले.
बाबा म्हणाले, हो.

ब्याण्णव साली, बाबा नसताना,
कामठी रोडवरच्या एका शाळेची फ्रेम आली.
मी चुका उपसल्या.
एकामागे एक चारजण निघाले,
चौथ्याचं कपाळ वाळवीनं खाल्लेलं.
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक कोरा कागद,
त्याच मापाचा, नीट कापलेला.
प्रभारींसाठी असावा. बाबांचा स्वभाव.

त्या रात्री माळ्यावरून वही काढली,
पंच्याहत्तरची, लाल कापडाची.
अक्षर बारीक, डावीकडे कललेलं:
*कलेक्टर कचेरी. दुरुस्ती. फ्रेमा २१.*
*काच एक फुटली. वजा रु. साडेतीन.*

जन्मात खोटं बोलले नाहीत असं आई सांगायची.

परवा हेडाऊंकडे गेले होते.
मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली.
आता कडी आहे. हारही आहे.
कौतिकाबाईंना दिसत नाही फारसं,
तरी मला हात धरून भिंतीपाशी नेलं, म्हणाल्या,
"पाह्य बरं, कुठी तडा गेला का?"
मी बोट फिरवलं,
चारी कडांवरून, सावकाश.